मसणवट्याचा हिशेब कादंबरीनेच मांडावा

अंत्यविधीतल्या भ्रष्टाचारावर एक गुन्हेगारी कादंबरी लिहावी, ती काळ्या विनोदाची असावी आणि ती घडावी हिंगोली जिल्ह्यात, असं मराठवाड्यातल्या लिहित्या-वाचत्या माणसांपुढे म्हटलं की नकार ठरलेला असतो. कारणं तेवढी बदलत जातात. आधी सांगतात, आपल्याकडे अंत्यविधी हा धंदाच नाही. बांबू कुणाच्या तरी बांधावरचा, खांदा भावकीचा, लाकूड शेतातल्या वठलेल्या बाभळीचं. यात कोण कुणाला लुबाडणार? काळ्या गाड्या, चकचकीत शवपेट्या आणि सूट घातलेले व्यवस्थापक हे तिकडचं जग, तेव्हा अशी कादंबरीही तिकडचीच. तेवढ्यावर भागलं नाही तर म्हणतात, मरणाला हसणं आपल्यात बसत नाही. मग आवाज चढतो: हा नामदेवांचा जिल्हा आहे, इथल्या मसणवट्याची चेष्टा नको, कुणी पैसे खाल्ले असतील तर बातमी द्या, माहिती अधिकारात अर्ज टाका, कादंबरी कशाला?

असं म्हणणाऱ्यांत माझे मित्र आहेत आणि त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण यातलं एकही कारण मला पटत नाही, आणि ते का पटत नाही याचं उत्तर हिंगोलीतच सापडतं.

दुकानाची पाटी म्हणजेच धंदा असं धरलं तर जिल्ह्यात अंत्यविधीचा धंदा किरकोळ आहे. कोरं कापड, मडकं, सुतळी, गुलाल-बुक्का विकणारा दुकानदार त्यावर गबर होत नाही. पैसा तिथे नाहीच. पैसा स्मशानभूमीच्या बांधकामात आहे. दहनभूमी आणि दफनभूमी राखणं हे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानं ग्रामपंचायतीकडे सोपवलेलं काम. त्यासाठी जनसुविधा योजनेतून जिल्हा नियोजनचा निधी येतो, वित्त आयोगाचा येतो, आमदार निधीतून येतो. दहनशेड, ओटा, पोचरस्ता, तारेचं कुंपण, हातपंप, बसायला निवारा, पेव्हर ब्लॉक अशी कामं निघतात. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत मिळून साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. एका गावात एकच मसणवटा असतो असंही नाही. जात माणसाला सरणापर्यंत सोडत नाही, म्हणून एका गावात दोन-दोन, तीन-तीन जागा असतात. लिंगायत समाज दफन करतो, त्याची जागा वेगळी. मुसलमानांचं कब्रस्तान वेगळं. प्रत्येक कामाचं इस्टिमेट, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, एमबीवरचं, म्हणजे मोजमाप पुस्तिकेतलं मोजमाप, पूर्णत्वाचा दाखला, शेवटी बिल. जितक्या सह्या तितके थांबे. कुठल्या टेबलावर किती टक्के, याची बोलणी चहाच्या टपरीवर उघड चालतात, त्यात कुणाला लाजही वाटत नाही. म्हणजे धंदा आहे. गिऱ्हाईक मेलेलं आहे आणि दुकानदार कागदाआड बसला आहे, म्हणून तो दिसत नाही.

आणि मग पाऊस येतो. आषाढात काळ्या रानातून मयत नेणाऱ्यांना पुढचं सांगायला नको, पण सांगतो, कारण शहरात बसून धंदा नाही म्हणणाऱ्यांनी ते एकदा नीट पाहिलं पाहिजे. तिरडीचे चौघे चिखलात पाय रोवत चालतात. पुढे विस्तवाचं मडकं धरलेला मुलगा ओढ्याच्या काठावर थांबतो, कारण ओढ्याला पाणी आलेलं असतं आणि मसणवटा पलीकडे असतो. पलीकडे गेलं तर शेडचे पत्रे उडालेले, नुसते लोखंडी अँगल उभे; ओट्यावरच्या जाळीचे गज कुणीतरी भंगारात घातलेले. मग चौघेजण ताडपत्रीचे चार कोपरे धरून सरणावर छत करतात. सरण पेटलं की ताडपत्री धगीनं आक्रसायला लागते. मागे घ्यावी तर पाऊस आत येतो. ओल्या बाभळीचा धूर डोळ्यांत भरतो. कुणी मोटारसायकलवर जाऊन डिझेल आणतं, कुणी जुनं टायर, कुणी किराणा दुकानातून पाच किलो साखर, कारण साखरेनं आग धरते. म्हातारी माणसं लिंबाखाली उभी राहून एवढंच विचारत राहतात, पुरं जळालं का? जळालेलं नसतं. रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून घरातलं कुणीतरी काठी घेऊन तिथेच बसतं. दर पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावातला असा ताडपत्रीखालच्या सरणाचा फोटो पेपरात येतो, दोन दिवस हळहळ होते, आणि फोटोतल्या त्या जागेवर शेडचं बिल आधी कधी निघालं होतं का, हे विचारायला कुणी तालुक्याला जात नाही.

शेड नसणं एक वेळ सोसता येईल. असलेली शेड अंगावर पडली तर? ३ जानेवारी २०२१ ला उत्तर प्रदेशात गाझियाबाद जिल्ह्यातल्या मुरादनगरला एका माणसाच्या अंत्यसंस्काराला माणसं जमली होती. पाऊस आला म्हणून ती स्मशानभूमीतल्या नव्या बांधलेल्या छताखाली उभी राहिली. छत कोसळलं. वीसहून अधिक माणसं तिथल्या तिथे किंवा दवाखान्यात दगावली. ठेकेदाराला आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना अटक झाली, आणि कमिशन किती टक्के दिलं-घेतलं गेलं याची चर्चा पुढे कितीतरी दिवस चालली. ज्याला पोचवायला माणसं आली होती त्याच्याबरोबर ती स्वतः गेली. एखाद्या कादंबरीकारानं हा प्रसंग कल्पनेनं लिहिला असता तर संपादकानं ‘जरा अती होतंय’ म्हणून परत पाठवला असता. तो घडलेला आहे. आपल्या जिल्ह्यात घडला नाही एवढ्यानं समाधान मानणाऱ्यानं आपल्या गावच्या शेडचा स्लॅब एकदा मान वर करून पाहावा.

परदेशी, परदेशी म्हणून जे बोट दाखवलं जातं त्याचंही उत्तर द्यायला हवं. जेसिका मिटफर्ड या लेखिकेनं १९६३ साली अमेरिकेतल्या अंत्यविधीच्या धंद्यावर ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हे पुस्तक लिहिलं. तिनं दाखवलं ते असं: दुःखात बुडालेला माणूस भाव करत नाही, आणि धंदेवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं. शवपेटीचा दर विचारणं म्हणजे बापावरच्या मायेचं मोजमाप काढणं असं त्याला वाटायला लावलं जातं. हा नियम कळमनुरीलाही तसाच लागू आहे. फरक एवढाच की अमेरिकेत घरच्यांना लुटतात, इथे गावाच्या नावावर आलेला निधी लुटतात. दोन्हीकडे भरवसा एकाच गोष्टीवर असतो, की तक्रार करायला कुणी येणार नाही. मेलेला येत नाही. मुलगा सुतकात असतो. दहावं-तेरावं उरकून तो माणसांत येतो तोवर शेडचे पत्रे हा विषय काढणं त्याला जिवावर येतं. आपल्या बापाचं सरण नीट जळालं नाही, ही गोष्ट चारचौघांत बोलायची लाज त्याला वाटते, ती ज्याला वाटायला हवी त्याला वाटत नाही. गिऱ्हाईक कधीच परत येत नाही आणि त्याचे वारस गप्प राहतात, असा दुसरा धंदा मला माहीत नाही. मिटफर्डचं पुस्तक वाचताना हसू येतं, हेही मुद्दाम सांगतो, कारण त्या हसवणाऱ्या पुस्तकानं उठवलेल्या चर्चेतून पुढे १९८४ साली तिथे नियम आला आणि अंत्यविधी करणाऱ्या प्रत्येक धंदेवाल्याला दरपत्रक गिऱ्हाईकाच्या हातात द्यावं लागलं. हसण्यानं काही साधत नाही म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

महाराष्ट्राबद्दल बोलायचं तर कोविडनं सगळं उघड्यावर आणलं. मृतदेह गुंडाळायच्या पिशव्या मुंबईत अवाच्या सवा भावानं घेतल्याच्या आरोपावरून ऑगस्ट २०२३ मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं माजी महापौर, पालिका अधिकारी आणि पुरवठादार यांच्यावर गुन्हा नोंदवला. आरोप ज्यांच्यावर आहे त्यांनी तो फेटाळला आहे आणि तो शाबीत झालेला नाही. तो न्यायालयाचा विषय आहे. पण प्रेताच्या पिशवीच्या दराची फिर्याद व्हावी लागते, ही वेळ आपल्यावर आली हे तर खरं ना? त्याआधी, एप्रिल २०२१ मध्ये, हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या अंबाजोगाईत शासकीय रुग्णालयातले २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत भरून स्मशानात नेले गेले. कोविडनं मेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत जाहीर झाली, तर त्यातही खोटे दावे शिरले. २४ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या ५ टक्के अर्जांच्या पडताळणीला परवानगी द्यावी लागली. यातली अंबाजोगाईची गोष्ट मी हसण्यावारी नेऊ देणार नाही, त्याबद्दल पुढे बोलतो. पण एवढं पाहिल्यावर अंत्यविधीला धंद्याची हवा लागलेली नाही असं म्हणणं म्हणजे डोळे मिटून घेणं आहे.

आता अशी कादंबरीही तिकडचीच, या आक्षेपाकडे. गुन्हेगारी कादंबरी ही हिंगोलीच्या मातीत रुजणारी गोष्ट नाही म्हणतात. उलट इंग्रजीतली सुरुवातीची एक गाजलेली गुन्हेगारी कादंबरी हिंगोलीचं नाव घेऊनच उभी राहते. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला अधिकारी, आणि हिंगोली ही तेव्हा निजामाच्या फौजेची छावणी. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ १८३९ साली लंडनला निघाली आणि खूप वाचली गेली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या छावणीतल्या बाजाराची हकिगत सांगतो. हरिसिंग हा तिथला प्रतिष्ठित व्यापारी. मुंबईहून कापड आणायचं आहे म्हणून त्यानं रीतसर परवाना मागितला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि वाटेवर होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैलवाल्यांना त्यानं मारलं, आणि हातातल्या परवान्यावर तो माल छावणीत आणून उजळ माथ्यानं विकला. पुढे पकडला गेल्यावर ही गोष्ट त्यानं स्वतःच सांगितली, तीही मोठी गंमत केल्यासारखी. छावणीच्या पहाऱ्यापासून काही शे पावलांवर पुरलेले देह माफीचे साक्षीदार एकामागून एक दाखवत गेले, आणि पाहणाऱ्यांना शिसारी येऊन अखेर खोदणं थांबवावं लागलं, असंही टेलर लिहितो.

ठगांविषयीच्या या नोंदी इंग्रजांच्या आहेत. त्यांत खरं किती आणि राज्यकर्त्यांची भीती किती, यावर इतिहासकारांमध्ये वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण हकिगतीची रचना पाहा. परवाना खरा आहे. माणूस प्रतिष्ठित आहे. देह जमिनीखाली आहेत आणि त्यांच्यावर बाजार सुरू आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतर परवान्याच्या जागी कार्यारंभ आदेश ठेवला आणि व्यापाऱ्याच्या जागी मजूर सहकारी संस्थेच्या नावावर काम घेणारा ठेकेदार ठेवला, तर कादंबरीचा सांगाडा तयार आहे. तो लंडनहून आणावा लागत नाही.

मरणाला हसणं आपल्यात बसत नाही, हे म्हणणाऱ्यांचं मला विशेष नवल वाटतं, कारण हेच लोक मातीला गेल्यावर सरण पेटलं की काय करतात हे मी पाहिलेलं आहे. कपाळमोक्ष होईपर्यंत दोन-अडीच तास बसायचं असतं. पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. मग सोयाबीनचा भाव निघतो, वसमतच्या मोंढ्यातला हळदीचा भाव निघतो, आणि हळूहळू गेलेल्या माणसाच्या खोडी निघतात. त्यानं बैलबाजारात कुणाला कसं फसवलं, लग्नात जेवणावळीत किती बुंदी खाल्ली, सोयऱ्याशी कशावरून भांडला. माणसं हसतात. मयताचा भाऊही डोळे पुसत हसतो. मेलेल्याचा अपमान झाला असं तिथे कुणालाच वाटत नाही. हेच हसू पुस्तकात आलं की मात्र सभ्यता आठवते.

मराठी साहित्यानं ही सभ्यता केव्हाच बाजूला ठेवली आहे. १९७४ साली पुण्यात सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ रंगभूमीवर आलं. त्यातला मेलेला भाऊराव स्वतः कीर्तन करतो आणि जुन्या, बंद होऊ घातलेल्या स्मशानातच आपल्याला जाळावं असा हट्ट धरतो; मुलगा आणि चाळ त्या प्रेतापायी हैराण होतात. पुण्यातल्या प्रेक्षकांनी ते नाटक डोक्यावर घेतलं, आणि मरणाची विटंबना झाली अशी समजूत कुणी करून घेतली असेल तर ती टिकली नाही. त्याही आधी अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्मशानातील सोनं’ ही कथा लिहिली. खाण बंद पडून बेकार झालेला भीमा मुंबईच्या उपनगरात मढी उकरून सोनं काढतो. शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि जातात, आणि लगेच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. त्या कथेत हसू नाही, पण प्रेताशी जोडलेला गुन्हा आहे, पोट आहे, आणि दैवानं केलेली क्रूर थट्टा आहे. आळेकरांचं हसू आणि अण्णा भाऊंचं पोट एकत्र आणील असा लेखक आपल्याला अजून मिळालेला नाही. माझी तक्रार तेवढीच आहे.

नामदेवांचं नाव काढून तोंड बंद करणाऱ्यांना मात्र मला जरा थांबवून बोलायचं आहे. नर्सी नामदेव हिंगोली तालुक्यात आहे, नामदेवांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याच्या देवळाशी जोडलेले आहेत, या दोन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे. पण नामदेवांनी मरणाकडे कसं पाहिलं, हे आपण विसरलो आहोत. परंपरा सांगते की चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर वेठीला धरले गेले होते, आणि ती भिंत कोसळून इतर मजुरांसह गाडले गेले. ढिगाऱ्यात कुणाची हाडं कुणाची हे कळायला मार्ग नव्हता. त्या हाडांची चौकशी करायला कुणी अधिकारी गेला नाही. नामदेव गेले. विठ्ठलनामाचा ध्वनी ज्यांतून येतो ती हाडं चोखोबांची, अशी ओळख पटवून त्यांनी ती पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधवली. ज्याला जिवंतपणी देवळाच्या आत जाता आलं नाही त्याला मेल्यावर देवळाच्या तोंडाशी जागा मिळाली, ती नामदेवांमुळे.

ही गोष्ट बांधकामाची आहे. कोसळलेल्या भिंतीची आहे. फुकट राबवलेल्या मजुराची आहे, आणि त्याच्या अंत्यविधीचा मान कुणी राखायचा या प्रश्नाची आहे. नामदेवांनी हाडं उचलली आणि कोण कुठे गाडला गेला आहे ते सगळ्या पंढरीला दाखवलं. त्यांच्या नावावर मसणवट्यातल्या चोऱ्या झाका म्हणणं मला सहन होत नाही. आजही एखाद्या गावात दलिताची मयत अडवली जाते, वाट दिली जात नाही, प्रेत ग्रामपंचायतीसमोर ठेवावं लागतं. नामदेवांच्या जिल्ह्यातल्या कादंबरीनं आधी तिथे जावं.

राहिला शेवटचा सल्ला: बातमी द्या, अर्ज टाका. दोन्ही केलंच पाहिजे, आणि करणारी माणसं जिल्ह्यात आहेत. पण बातमीला एक आरोपी लागतो, एक आकडा लागतो, एक तारीख लागते. मसणवट्याच्या चोरीत आरोपी एक नसतो. ग्रामसेवकानं ठराव लिहिला, सरपंचानं सही केली, शाखा अभियंत्यानं एमबी भरली, ठेकेदारानं पत्रे पातळ घातले, बिलाच्या टेबलावर बाबूनं फाईल पुढे सरकवली, आणि ग्रामसभेत गावानं हात वर केले. प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की आपण चोर आहोत असं कुणालाच वाटत नाही. माहिती अधिकारात एमबीची झेरॉक्स मिळते. त्या झेरॉक्सवर सही करणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या चुलत्याच्या मातीला त्याच शेडखाली भिजत उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात काय चालतं, हे झेरॉक्समध्ये येत नाही. ते कादंबरीत येतं, आणि विनोदी कादंबरीत सगळ्यात नीट येतं, कारण इतकी माणसं इतक्या गंभीर चेहऱ्यानं इतकं खोटं एकत्र करतात, त्याचं खरं रूप रडून दिसत नाही.

कसं दिसेल, याचा एक नमुना मांडतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानं मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. म्हणजे माणूस जाळल्यावरही काही दिवस कागदावर जिवंत असू शकतो. समजा सेनगाव तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारा मेला. त्याच्या नावावर श्रावणबाळ योजनेचं अनुदान आहे, आणि नेमका हयातीचा दाखला द्यायचा महिना चालू आहे. घरात सून, दोन नातवंडं. एका महिन्याचं अनुदान त्यांना मोलाचं. त्यांना म्हातारा अजून थोडे दिवस जिवंत हवा आहे. त्याच गावात ठेकेदाराला स्मशानशेडचं अंतिम बिल काढायचं आहे आणि त्याला शेड वापरात आहे असा जिओ-टॅग केलेला फोटो जोडायचा आहे. त्याला प्रेत हवं आहे, आजच, मार्चअखेर आहे. शेड तर अर्धीच आहे. एकच म्हातारा एका फायलीत मेलेला लागतो आणि दुसऱ्या फायलीत जिवंत. दोन्ही फायली एकाच संगणकावर, एकाच ऑपरेटर पोराच्या हातात आहेत, आणि त्याला चार महिन्यांचं मानधन मिळालेलं नाही. इथून पुढे कादंबरी आपल्या पायांनी चालते. गोगोलनं १८४२ मध्ये मेलेल्या भूदासांची नावं विकत घेणारा नायक रशियात फिरवला. जनगणनेच्या कागदावर ते जिवंत होते, एवढ्यावर ती सगळी कादंबरी उभी आहे. आपल्याकडे तर कागद त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

या नमुन्यात सून आणि ठेकेदार दोघंही खोटं बोलतात. दोघांना सारखंच हसणारा लेखक मला नको. ज्या घरानं एका महिन्याच्या अनुदानासाठी मयत लपवली त्याच्या दारात हसू थांबलं पाहिजे, आणि ज्यानं छतातलं लोखंड खाल्लं त्याच्या ओसरीवर ते पुन्हा सुरू झालं पाहिजे. अंबाजोगाईच्या त्या गाडीतल्या २२ जणांना कुणी विनोदाचं साहित्य करू नये. त्यांना आत भरण्याची वेळ ज्या व्यवस्थेनं आणली तिच्या बैठका, तिची परिपत्रकं, तिचे खुलासे हे साहित्य आहे. मसणवट्यावर जगणाऱ्या मसणजोगी समाजाला किंवा सरण रचणाऱ्या माणसाला गूढ, भुताटकीचं पात्र करून कोपऱ्यात बसवू नये; त्याला मजुरी किती मिळते, ती कोण देतं आणि कोण बुडवतं, हे लिहावं. माझे मित्र विटंबनेची भीती घालतात तेव्हा त्यांच्या मनात जी वाईट कादंबरी असते ती मलाही नको आहे. पण वाईट कादंबरीची भीती हे चांगली कादंबरी न लिहिण्याचं कारण होऊ शकत नाही.

ती लिहिणारा माणूस ग्रामसभेत बसलेला असावा. त्याला वर्कऑर्डर आणि एमबी यांतला फरक कळावा, तिरडी बांधता यावी, आणि वऱ्हाडीकडे झुकणारी, उर्दूनं भिजलेली हिंगोलीची बोली त्याच्या कानात असावी. पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकाला एक विनंती आहे. खटल्याच्या धास्तीनं माणसांची आणि गावांची नावं काल्पनिक करा, ते योग्यच आहे. पण जिल्ह्याचं नाव पुसून ‘मराठवाड्यातला एक जिल्हा’ असं मोघम करू नका. नाव पुसलं की परभणीचा वाचक म्हणेल ही नांदेडची गोष्ट, नांदेडचा म्हणेल परभणीची, आणि हिंगोलीच्या जिल्हा परिषदेतला वाचक पुस्तक मिटून पुढच्या फायलीवर सही करील. कयाधू नदी, औंढा, कळमनुरी, सेनगाव ही नावं तशीच छापा, आणि पहिल्या पानावर हिंगोली लिहा.